अक्का, तुझी जीभ शाबूत होती

अक्का, कोपऱ्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो तुझ्या नातीच्या लग्नातला आहे. त्यात तू कॅमेऱ्याकडं अशी बघतेयस, जणू फोटोग्राफर चपला घालून तुझ्या स्वयंपाकघरात शिरलाय. खाली लिहिलंय, ‘प्रेमळ, मनमिळाऊ आणि शांत स्वभावाच्या’. प्रेमळ ठीक आहे. मनमिळाऊवर चर्चा होऊ शकते. पण शांत? शिवाजी पेठेत फुटबॉलची मॅच जिंकून हलग्या वाजवत मिरवणूक निघायची, त्या दणदणाटातसुद्धा खिडकीतून तुझा आवाज वेगळा ऐकू यायचा. मी फ्लेक्सवाल्याकडं गेले आणि विचारलं, “हे शांत कुणी लिहिलं?” तो म्हणाला, “ताई, मजकूर ठरलेला असतोय. पुरुषाला कर्तबगार, बाईला शांत. आपण फक्त नाव बदलतो.”

बघितलंस? बाई मेली तरी तिला गप्प बसवायचं काम सुरूच. म्हणून मी लिहायला बसले.

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. तुझा जन्म कुठला, माहेर कुठलं, मागं कोण कोण आहे, ते पेपरातल्या चौकटीत आलंय. ते मी परत सांगत नाही. मला तुझ्याशी राहिलेलं भांडण भांडायचंय, थोडे आभार मानायचेत, आणि एक गोष्ट कबूल करायचीय. ती सात महिने माझ्या घशात अडकून आहे. मी लोकांना भर चौकात जाब विचारते, पण ही कबुली सुरुवातीलाच द्यायची हिंमत मला होत नाही. आधी कॉफीचं बोलू. तुझ्याशी कुठलंही बोलणं तिथूनच सुरू व्हायचं.

चार वर्षांपूर्वी मी तुझी वरची खोली भाड्यानं मागायला आले. खांद्याला झोळी, झोळीत पत्रकांचा गठ्ठा. तू दारातच विचारलंस, “गाव कुठलं?” मी कबनूर म्हणाले. “म्हंजे मागवाल्यांच्यातली?” मी ताठ होऊन सांगितलं की होय, माझे बाबा यंत्रमागावर होते आणि कामगारांची पत्रकं लिहायचे. तू म्हणालीस, “बरं बरं. खोली काय पळून जात न्हाय. बस. कॉफी घे.”

आणि मी भाषण ठोकलं. आज आठवलं की कान गरम होतात. मी म्हणाले, आमच्यात कॉफी घेत नाहीत. कारखान्याच्या गेटावर चहा पितात, संपावर चहा पितात. कॉफी हे बंगल्यातल्या लोकांचं पेय आहे आणि तिच्या मळ्यांत राबणाऱ्या बायकांना काय मजुरी मिळते हे तुम्हाला ठाऊक आहे का? तू शांतपणे ऐकलंस. बघ, एकदा शांत होतीस, मान्य. मग म्हणालीस, “झालं? माझा बाप गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीची पोती उचलायचा. आमच्या घरात तुला बंगला कुठं दिसला तर मला पण दाव. आणि त्या बायकांचं म्हणशील तर तू लिही, मी वाटतो. तवर कॉफी गार होतीया.”

मी कप उचलला. तेवढ्यात तू अट घातलीस. भाडं काय ते पोराशी, भूपालशी बोल, पण संध्याकाळी पाचाला खाली यायचं. “एकटीसाठी फिल्टर लावायला जिवावर येतंय. सून चहाची. भूपाल दुकानात. मला जोडीला माणूस पायजे.” मी म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.” तू कपाळावर हात मारलास. “तुम्ही-तुम्ही काय लावलंईस? मी तहसीलदार हाय काय? अक्का म्हण आणि तू म्हण.”

तेव्हापासून तू.

माझी कॉफीची अक्कल तेव्हा फार नव्हती, हे तुला पुरेपूर कळलं होतं. कबनूरला आमच्या घरी कॉफी तीनच कारणांनी व्हायची: पाहुणा चहा पीत नसला तर, आईचा उपवास असला तर, आणि कुणाला ताप आला तर. आई दूध उकळायची, त्यात भरपूर साखर, पुडीतली पावडर, वर जायफळ किसून. प्यालं की अर्ध्या तासात झोप. वीस वर्षं मला वाटत होतं, कॉफी हे झोपेचं औषध आहे. हे तुला सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलीस. “जायफळ? कॉफीत? मग शिऱ्यात लसूण घाला की!” पुढं माझी आई तुला भेटायला आली तेव्हा तू तोंड आवरशील अशी माझी भाबडी समजूत होती. तू तिला बसायच्या आधी विचारलंस, “तुम्हीच न्हवं त्या जायफळवाल्या?” आईनं तुला तिथंच तिची कॉफी करून पाजली. तू पूर्ण कप प्यालीस, चांगली पाच मिनिटं गप्प राहिलीस, आणि म्हणालीस, “ही कॉफी न्हवं. पण जे काय हाय ते बरं हाय.” आई अजून हे सगळ्यांना सांगते.

तुझी पद्धत मला तोंडपाठ आहे आणि तरीही माझ्या हातून तशी होत नाही. नळाला बांधलेल्या पांढऱ्या फडक्यातून पाणी गाळायचं, मग उकळायचं. पितळी फिल्टर तुझ्या थोरल्या बहिणीनं धारवाडहून लग्नात दिलेला, एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या बुडाला सुईच्या टोकाएवढी भोकं. वरच्या भांड्यात तीन चमचे पावडर. ती नुसती सपाट करायची. मी पहिल्यांदा चमच्यानं ठोकून बसवली, तर तू हातावर चापट मारलीस. “पोतं भरतीस काय? दाबलीस की गळत न्हाय. जरा श्वास घिऊ दे तिला.” वरून गोल गोल पाणी, झाकण, आणि मग थांबायचं. खाली थेंब थेंब काळा अर्क साठायचा. त्याला तू डिकाशन म्हणायचीस. म्हशीचं दूध एकदाच वर येऊ द्यायचं. पुन्हा पुन्हा उकळलेल्या दुधाला तू ‘शिळं भाषण’ म्हणायचीस, आणि ते म्हणताना माझ्याकडं बघायचीस.

थेंब पडायचे तेवढ्या वेळात माझं पत्रक तू वाचायचीस. कधी हे सुरू झालं, आठवत नाही. चष्मा नाकावर, कागद खिडकीच्या उजेडाकडं. नियम तूच केलास: डिकाशन उतरायच्या आत पत्रक वाचून संपलं पाहिजे. संपलं नाही तर लांब झालं. मी वाद घालायची. मुद्दे महत्त्वाचे आहेत, आकडेवारी द्यावी लागते, पार्श्वभूमी सांगावी लागते. तू झाकण उघडून दाखवायचीस, “उतरलं. आणि मी अजून तुझ्या दुसऱ्या मुद्द्यावर हाय. बाजारातली बाई भाजी विकत वाचणार हाय हे. तिला कुठला येवढा वेळ?” मी चरफडत एक परिच्छेद काढून टाकायची. दुसऱ्या दिवशी आणखी एक. शेवटी जे उरायचं ते खरंच वाचलं जायचं.

मी पत्रकांवरच वाढले, अक्का. आमच्या घरात गठ्ठ्यांवर बसून मी जेवले आहे. अक्षरं ओळखायला शिकले तेव्हा वाचलेले पहिले शब्द ‘कामगार बंधूंनो’ हे होते. शाळेत तापाच्या रजेचा अर्ज मी ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ अशी सुरुवात करून लिहिला होता. त्यामुळं मला वाटायचं, पत्रक मला कोण शिकवणार? तू शिकवलंस. ‘पाणी मिळालंच पाहिजे!!!’ या मथळ्यावर बोट ठेवून तू विचारलंस, “ही तीन तीन दांडकी कशाला? एकानं ऐकू येत न्हाय व्हय लोकांस्नी?” मी म्हणाले, तो आमचा आवेश आहे. तू म्हणालीस, “आवेश बातमीत असू दे. दांडक्यात नको.”

मी तुझ्याशी भांडले ते सूर्यावरून. तू जैन, सूर्य मावळल्यावर काही खायची-प्यायची नाहीस. थंडीत सहाच्या आत कप धुऊन पालथा पडायचा, उन्हाळ्यात सातपर्यंत चालायचं. कॉफीचं घड्याळ आकाशात. मी तुला विज्ञान सांगायची, दिवे आले, काचेची तावदानं आली, किडे कपात पडत नाहीत. तू म्हणायचीस, “तुझ्या संपात कुणी एक दिवस कामावर गेलं तर चालतंय?” मी म्हणायची, नाही, पण संपाला कारण असतं. “मग माझ्या नेमाला बी हायच की कारण. माझ्यामुळं बारकासा जीव मरू नये, बास. तुला माणसांची काळजी, मला किड्यांची. आपण दोघी मिळून सगळ्यांची केली.” मी म्हणाले, हे उत्तर नाही, ही पळवाट आहे. तू म्हणालीस, “उद्या सांग मग.” त्या उद्याची वाट बघत मी उत्तरं जमवत राहिले. अजून तीन-चार आहेत माझ्याकडं. चांगली आहेत.

आणि चिकोरी. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ, कॉफीत मिसळतात, स्वस्त पडतं आणि रंग काळा येतो. पुष्कळ घरांत लोक मुद्दाम घालतात आणि मजेत पितात. पण तुझ्यापुढं हे बोलायची सोय नव्हती. दुकानात पावडर दळताना तू समोर उभी राहायचीस, आधीच्या गिऱ्हाइकाची चिकोरीची पावडर चक्कीत राहिली असेल म्हणून पहिलं मूठभर दळण तू बाजूला काढायला लावायचीस. दुकानदार वैतागून म्हणाला होता, “अक्का, एवढ्यानं काय हुतंय?” तू म्हणालीस, “मला कळतंय ना. तुला कळत न्हाय म्हणून मी गप्प बसू?” एका साखरपुड्यात तू दारातूनच नाक वर करून म्हणालीस, “निम्मी चिकोरी,” आणि आत जाऊन पाणी पिऊन आलीस. वधूच्या आईनं तुझ्याशी पुढं वर्षभर बोलणं टाकलं. मनमिळाऊ!

गेल्या वर्षी तुझ्या छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, कॉफी बंद. तू म्हणालीस, “जेवण बंद करा.” डॉक्टर हसले, पण भूपालदादा हसले नाहीत. तुझा मुलगा, पंपाच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा, पन्नाशीचा, तुझ्यापुढं अजून मान खाली घालून उभा राहणारा. घरी येऊन त्यांनी तुला समजावलं, सुनंदावहिनींनी समजावलं, मीही समजावलं. तू म्हणालीस, “बघू.” तुझं ‘बघू’ आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन दिवसांनी पाचला मी खाली आले, तू कॉफी दिलीस, मी एक घोट घेतला आणि थांबले. करपलेल्या साखरेसारखी चव. तू पण कपात बघत होतीस. “दूध पातळ हाय काय गं आज?” मी म्हणाले, “असेल.” जिन्यावर दादा माझी वाट बघत होते. खालच्या आवाजात म्हणाले, “तुझ्या लक्षात आलंच असंल. डब्यात निव्वळ चिकोरी हाय. कॉफीचा कण न्हाय. तेनं काय हुत न्हाय म्हणं छातीला. आईला सांगू नकोस, येवढं ऐक माझं.”

मी म्हणाले, “बरं.”

ही ती कबुली, अक्का. तू समजत होतीस की मला एकोणिसाव्या दिवशी कळलं आणि कळल्याबरोबर मी धावत येऊन तुला सांगितलं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दादांनी मला धमकावलं नव्हतं. खोलीचा तर शब्दही त्यांनी काढला नाही. तो माझ्याच डोक्यात आला. एवढ्या भाड्यात, एवढ्या मोकळेपणी, एकट्या मुलीला कोल्हापुरात खोली कोण देतं? मी गप्प बसले. ‘सत्य सांगण्यास घाबरू नका’ असं छापलेले शंभर कागद माझ्या खाटेखाली होते, आणि मी रोज पाचला येऊन तुझ्यासमोर चिकोरी पीत होते.

एकोणीस दिवस तू काय काय केलंस! आधी गवळ्याला फैलावर घेतलंस. मग दुसऱ्या गवळ्याचं दूध आणलंस. मग नळाचं फडकं बदललंस. फिल्टर चिंचेनं घासलास, गच्चीवर उन्हात ठेवलास, एकेक भोक सुईनं मोकळं केलंस. दुकानदाराला निरोप धाडलास की दाणे शिळे आहेत. सगळ्यांवर संशय घेतलास, फक्त डब्यावर नाही. कारण छातीचं सुरू झाल्यापासून डबा भूपाल भरून आणतो. दादांचा हिशोब तिथंच चुकला. त्यांना वाटलं, आई पावडरीला नावं ठेवेल, कुरकुरेल आणि पिईल. आपल्या माणसानं आणलेल्या वस्तूवर तू शंका घेणार नाहीस आणि उलट स्वतःवर घेशील, हे त्यांना सुचलंच नाही. मलाही नाही.

मग एका दुपारी तू सुनंदावहिनींना हाक मारलीस, “आमटी चाखून बघ गं. मीठ बघ. मला काय कळंना झालंय.” वहिनींनी माझ्याकडं बघितलं, मी भिंतीकडं. संध्याकाळी कप खाली ठेवून तू म्हणालीस, “जीभ गेली बघ माझी. म्हातारपण हितनं सुरू झालं.” त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या बायकांच्या बंद संडासावरचं पत्रक आणलं होतं. मथळ्यात तीन उद्गारचिन्हं होती. खरं सांगते, मुद्दाम ठेवली होती, तू ओरडावीस म्हणून. तू कागद वाचलास, घडी केलीस आणि परत दिलास. “तू शिकलीयस. तुझं बरोबरच असंल.”

अक्का, मला तेवढं सहन झालं नाही. तुझ्या छातीची काळजी मलाही होती. पण तू माझ्या डोळ्यांदेखत तुझ्यातली तू पुसून टाकत होतीस, आणि ते खोडरबर आम्ही आणून दिलं होतं. मी सांगितलं. “अक्का, तुझ्या जिभेला काही झालेलं नाही. डब्यात चिकोरी आहे. निव्वळ.”

तू वहिनींना हाक मारलीस, डोळे मिटलेस, आणि म्हणालीस, “एकेक दे जिभेवर.” जिरं. “जिरं.” ओवा. “ओवा.” हिंगाचा कण. “हिंग, आणि तो बी जुना.” मग डोळे उघडलेस, खिडकीत गेलीस आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलीस, “जीभ शाबूत हाय माझी!” समोरच्या घरातून कुणीतरी विचारलं, “कुणाची?” “माझी! माझी!” असा आनंद मी तुला नातीच्या लग्नातही झालेला बघितला नाही.

त्या दिवशी दादा दुकानातून आले तेव्हा तू त्यांच्यासमोर चिकोरीचा कप ठेवलास. “पी.” ते प्याले. “आणि एक.” प्याले. तिसरा कप ठेवल्यावर पन्नाशीचा माणूस डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “आई, बास की.” तू म्हणालीस, “एकोणीस दिवस पाजलीस रं. आणि मला मरायचं भ्या न्हाय वाटलं, खुळी झालो असं वाटलं.” मग माझ्या डोक्यावर हात ठेवलास. “घरात खरं बोलणारं एकच माणूस हाय.”

दादांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी फक्त एक वाक्य बोलायचं होतं: हिला पण ठाऊक होतं. ते बोलले नाहीत. मी बोलायला हवं होतं. मीही बोलले नाही. तुझा हात डोक्यावर होता आणि मला तो तिथंच हवा होता.

दुसऱ्या दिवशी जिन्यात दादा एवढंच म्हणाले, “तुझं खरं तुला लखलाभ. आईला काय झालं तर…” आणि पुढं न बोलता गेले. त्यानंतर त्यांचं माझ्याशी बोलणं बंद.

तू मात्र डॉक्टरांकडं जाऊन तह करून आलीस. दिवसाला एक कप, लहान, आणि छातीत काही वाटलं तर तोही बंद. पुढचे सात महिने त्या एका कपाचे जे लाड झाले! आधी दोन वेळा व्हायची ती कॉफी आता एकदाच, म्हणून सकाळपासून तयारी. कप गरम पाण्यात बुडवून ठेवायचीस. मला पाचच्या ठोक्याला बोलवायचीस आणि मी दोन मिनिटं उशीर केला तर “तुझ्यासाठी सूर्य थांबणार हाय काय?” संडासाच्या पत्रकातली तिन्ही उद्गारचिन्हं तू काढलीस, वर मथळाही बदललास: ‘बायकांच्या संडासाची किल्ली कुणाकडं आहे?’ नुसता प्रश्न. तो कागद बाजारात इतका फिरला की आठवड्यात कुलूप निघालं. मी पेढे आणले. तू म्हणालीस, “पेढे खायच्या आधी बघून यायचं हुतं, आत पाणी हाय का ते.” आपण रिक्षा करून बघून आलो. पाणी होतं. मग पेढा खाल्लास.

अशी माणसं आपल्याला भाड्याच्या खोलीबरोबर मिळतात, हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं. माझ्या लिहिण्यातलं जे काही आज वाचण्यासारखं आहे, ते तुझ्या खिडकीतल्या उजेडात तपासलेलं आहे.

तू गेलीस त्या दिवशी मी कबनूरला होते. वहिनींचा फोन आला. कॉफी पिऊन खुर्चीतच डोळा लागला, तो उघडला नाही. “कप रिकामा होता, तळाला थेंब न्हवता,” हे वहिनींनी मला मुद्दाम सांगितलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा दादांनी सगळ्यांसमोर डॉक्टरांना विचारलं, कॉफीनं झालं का? डॉक्टर म्हणाले, वय होतं, हृदय थकलं होतं, एका कपानं असं होत नाही. वर हेही म्हणाले, पण ठामपणे कसं सांगणार? ते शेवटचं वाक्य मी आणि दादा, दोघांनी उचलून घरी आणलं.

काल पाचला मी खाली गेले. बोलावलं कुणी नव्हतं. दादा ओट्यापाशी उभे होते, दुकान बंद ठेवून. समोर तुझा फिल्टर. पावडर त्यांनी दाबून दाबून भरली होती, आणि खाली थेंब उतरत नव्हता. ते फिल्टर हातात घेऊन हलवत होते, जणू पंपात हवा अडकलीय.

मी दारातूनच विचारलं, “दादा, मला पण ठाऊक होतं हे तुम्ही अक्काला का सांगितलं नाही?”

ते वळले नाहीत. म्हणाले, “माझ्यावरचा विश्वास गेलताच तिचा. तुझ्यावरचा पण घालवला असता तर पाचाला ती कुणासंगं बसली असती?”

मी त्यांना सगळं सांगितलं, खोलीसाठी गप्प बसले होते हेही. आता मात्र ते वळले. “खोली? अगं, तुला काढलं असतं तर तिनं मला काढलं असतं घरातनं.”

“मी आधीच सांगायला पाहिजे होतं,” मी म्हणाले. “पहिल्याच दिवशी.”

“मला वाटतंय, सांगायलाच नको हुतं,” दादा म्हणाले. “अजून वर्षभर राहिली असती.”

“आपली जीभ गेली असं समजून?”

“राहिली असती की पण.”

मी बरोबर होते असं मला वाटतं, अक्का, आणि तरी ‘राहिली असती की पण’ म्हणणाऱ्या माणसाला खोडून काढायचं बळ मला आणायचं नाही. मी म्हणाले, “मी हे सगळं लिहिणार आहे. तुमचं नाव नको असेल तर घालत नाही.”

त्यांनी फिल्टर ओट्यावर ठेवला. “घाल की. चिकोरी मीच आणली. फक्त एवढं लिही, भ्यालतो मी म्हणून.”

लिहिलं, दादा. आणि मीही भ्यायले होते.

शेवटी त्यांनी चमच्यानं पावडर उकरली, वरून परत पाणी ओतलं, आणि काहीतरी खाली आलं. दूध तोवर तीनदा उकळून गेलं होतं. त्यांनी दोन कप भरले, एक माझ्यापुढं सरकवला आणि माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले. “कशी झालीया?”

मी घोट गिळला. “भयाण.”

“आज तरी खोटं बोलायचं की.”

“मला खोटं बोलता येत नाही, दादा.”

भूपालदादांनी कपावरून माझ्याकडं बघितलं. “एकोणीस दिवस येत हुतं की.”

आधी ते हसायला लागले का मी, ते सांगता येणार नाही. कॉफी माझ्या नाकात गेली. ते ओट्याला टेकले आणि हसत खाली बसले. आवाज ऐकून सुनंदावहिनी आतून धावत आल्या. त्यांना वाटलं, आम्ही रडतोय. थोडं तेही होतं.